हातात मॉप असला की माणूस 'अकुशल' कसा?

फरशीपुराण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी पुण्यात हाउसकीपिंगमध्ये आहे, सतरा वर्षं झाली. हिंजवडीतल्या एका आयटी इमारतीत मॉप मारण्यापासून सुरुवात केली. आता तीन साइट बघतो, हाताखाली साठेक माणसं. त्यातल्या चाळीस बायका.

गेल्या महिन्यात एका साइटवर नवा पोरगा आला. एजन्सीने आठला पाठवला, साडेआठला तो ड्यूटीवर. ट्रेनिंग काय, तर मी दहा मिनिटं फिरवून दाखवलं तेवढंच. लॉबीत इटालियन मार्बल आहे. तिथे कुंडीच्या स्टँडचा गंजाचा डाग होता. पोरगा कामसू, डाग जाईना म्हणून त्याने कमोडचं लिक्विड आणून ओतलं. मार्बल म्हणजे शेवटी चुनखडीच, त्यावर आम्ल पडलं की दगडच खाल्ला जातो. डाग गेला आणि तिथे परातीएवढा पांढुरका चट्टा उमटला. पॉलिशवाल्याचं बिल आमच्या नावावर फाटलं. पोराला तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

त्याच्या कागदावर हुद्दा होता 'अकुशल कामगार'. ज्या कामाला अक्कल लागत नाही, त्यात एका बाटलीने लॉबी कशी काय वाया जाते, हे मला बिलावरून झालेल्या मीटिंगमध्ये विचारायचं होतं. विचारलं नाही. म्हणून इथे.

आमच्या कॅडीत, म्हणजे सामानाच्या टोपलीत, काय असतं बघा. टास्की ब्रँडच्या बाटल्या: आर-वन बाथरूमला, आर-टू सगळीकडे, आर-थ्री काचेला, आर-फोर फर्निचरला, आर-सिक्स कमोडला, आर-सेव्हन फरशीला. बऱ्याच मावशींना लेबल वाचता येत नाही, पण आकडा आणि रंग पाठ असतो. आर-सिक्समध्ये ॲसिड. ते आणि हायपो (जंतू मारायचं ब्लीच) एकत्र आले की क्लोरीन सुटतो, बंद टॉयलेटमध्ये माणूस आडवा होईल. कपड्यांचेही रंग: आमच्याकडे लाल संडासाला, पिवळा बेसिनला, हिरवा पँट्रीला, निळा टेबलांना. लाल कपडा पँट्रीत दिसला तर मी आवाज चढवतो, आणि मी सहसा आवाज चढवत नाही. ओला मॉप आठाच्या आकड्यात फिरवत मागे मागे यायचं, म्हणजे पुसलेल्यावर आपलाच पाय पडत नाही. हे नीट बसायला तीन महिने लागतात. बाईला घरी फरशी पुसायची सवय असेल तर जास्तच, कारण आधीची सवय मोडावी लागते.

आता आकडे. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून जे किमान वेतन लागू झालं, त्यात मोठ्या शहरांच्या 'अ' गटात झाडलोट-सफाईला दिवसाला ७८३ रुपये, महिन्याला २०,३५८. अर्धकुशलला ८६८. कुशलला ९५४, म्हणजे महिन्याला २४,८०४. आणि या ९५४च्या रांगेत कोण? कारकून आणि बिनशस्त्र पहारेकरी. म्हणजे दारात उभा राहणारा कुशल आणि दारापासून गच्चीपर्यंत साफ करणारी अकुशल. फरक महिन्याला ४,४४६ रुपयांचा. सिक्युरिटीवाल्यांवर माझा राग नाही, तेही बारा-बारा तास उभे असतात. पण हे ठरवलं कुणी?

दरवर्षी कामगार दिनाला क्लायंट केक आणतो, सगळ्यांना गुलाब देतो, फोटो लिंक्डइनवर. मला केक नको. मला मस्टरवरचा तो एक शब्द बदलून हवाय. तुम्हाला काय वाटतं?

---

अर्धा_चहा

वाचतोय. आमच्या मजल्यावरच्या मावशींचं नाव मला पाच वर्षांनी कळलं, तेही त्या सोडून चालल्या तेव्हा. लाज वाटली होती.

---

कोथरूडकर_काका

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मी ८४ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. चार माणसांचे पैसे देतो, येतात तीन. त्यातला एक जिन्यात मोबाइल बघत बसलेला. जिने पुसले का विचारलं की 'हो काका', आणि कोपऱ्यात केसांचा पुंजका तसाच. कौशल्य आहे म्हणता, तर ते दिसू द्या की. दोनशे रुपये मेंटेनन्स वाढवला तर सर्वसाधारण सभेत माझी चामडी सोलतात. आधी काम, मग मान.

---

फरशीपुराण

काका, तुमचं म्हणणं खोटं नाही. मीही रोज त्याच कोपऱ्याशी भांडतो.

पण तुमचं कंत्राट काढून बघा. त्यात 'माणसं ४, वेळ ८ ते ५, दर इतका' याशिवाय काही लिहिलंय का? कुठला जिना आठवड्यातून किती वेळा, लिफ्टचं दार कशाने पुसायचं, टाकीजवळचं शेवाळ कुणी काढायचं? नसणार. आपण डोकी विकत घेतो, काम घेतच नाही. मग एजन्सीही डोकीच पाठवते. आणि चौथं डोकं गावाला गेलं की त्याच्या नावावर दुसऱ्याची सही.

एक विचारू का? तुमचे जिने कोटा आहेत ना? आणि दिवाळीच्या आधी कमिटी 'ॲसिड मारून घ्या' म्हणते?

---

कोथरूडकर_काका

कोटाच. आणि हो, म्हणते. मीच म्हणतो. तुम्हाला कसं कळलं?

---

फरशीपुराण

सगळ्याच सोसायट्या म्हणतात. सविस्तर नंतर लिहितो.

---

वॉर्ड_नं_७

स्टाफ नर्स आहे, इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. धागाकर्त्याच्या शब्दाशब्दाशी सहमत, आणि हॉस्पिटलचं थोडं जोडते.

आयसीयूतला बेड रिकामा झाला की आम्ही टर्मिनल क्लीनिंग करून घेतो. क्रम ठरलेला: वरून खाली, आणि स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे. आधी मॉनिटर, आयव्ही स्टँड, मग बेडचे कठडे, मग गादी, शेवटी चाकं आणि फरशी. क्रम उलटला तर फरशीवरचे जंतू कठड्यावर, कठड्यावरून पुढच्या पेशंटच्या हातावर. रक्त सांडलं तर एक टक्का हायपोक्लोराइट, तेही ओतून लगेच पुसायचं नाही. ठरलेला वेळ ते ओलं राहिलं पाहिजे. घाईने पुसलं तर नुसता वास येतो, जंतू जागचे हलत नाहीत. द्रावण रोज ताजं करायचं. कचऱ्याला २०१६च्या नियमांप्रमाणे चार रंग: पिवळी आणि लाल पिशवी, पांढरा आणि निळा डबा. सुई चुकून लाल पिशवीत गेली तर ती टोचते कुणाला? डॉक्टरला नाही. पिशवी उचलणाऱ्या मामांना.

आमच्याकडे एक मावशी आहेत, सातवी शिकलेल्या. नव्या रेसिडेंटला त्या सांगतात, 'डॉक्टर, तो ग्लोव्ह त्यात नाही टाकायचा.' आणि तो मुकाट्याने ऐकतो. त्यांच्या पगाराच्या स्लिपवरही 'अकुशल'.

मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला, त्यात सफाई कामगारांचं नाव डॉक्टर-नर्सच्या बरोबरीने होतं. मरणाच्या यादीत आम्ही एका रांगेत होतो. पगाराच्या यादीत परत वेगळ्या.

---

टेंडरचा_मारा

एजन्सीवाला बोलतोय, अंडी-टोमॅटो बाजूला ठेवा.

दहा मिनिटांचं ट्रेनिंग का होतं ते सांगतो. टेंडर निघतं, एल-वनला म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला मिळतं. पगार, पीएफ, ईएसआय सगळ्यांना सारखंच, मग स्पर्धा उरते सर्व्हिस चार्जमध्ये. शून्य टक्क्याने कोट करणारे बघितलेत मी. शून्य टक्क्यात तो काय खाणार? एकतर पीएफ खाणार, नाहीतर माणसं कमी पाठवणार, नाहीतर बाटलीत पाणी घालणार. मी प्रामाणिकपणे चार दिवसांच्या ट्रेनिंगचा खर्च धरला की एल-फोर होतो आणि घरी बसतो. शिवाय बिल निघतं साठ-नव्वद दिवसांनी, पगार मात्र सात तारखेला द्यायचा.

आणि शिकवलेला माणूस टिकत नाही हे पण लिहा. पाचशे रुपये जास्त मिळाले की पलीकडच्या टॉवरमध्ये.

---

फरशीपुराण

> शिकवलेला माणूस टिकत नाही

साहेब, शिकल्याचे पाचशे तुम्ही दिले असते तर तो पलीकडे कशाला गेला असता? पण शून्य टक्क्याचं बोललात ते अगदी खरं. पाणी घातलेल्या बाटलीने मावशी तासभर घासते आणि शिव्या तिलाच बसतात.

---

लेबरकोर्टाची_पायरी

थोडा इतिहास, कारण तो इथे कामाचा आहे.

केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ ला अधिसूचना काढली होती. आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई, धूळ पुसणं आणि पहारा, या कामांना कंत्राटी कामगार लावायला बंदी. कारण साधं: काम कायमचं, तर माणूसही कायमचा. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की अशी बंदी आली की कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे, म्हणजे ज्याच्याकडे काम करतात त्याचे, होतात. पाच वर्षांनी, ३० ऑगस्ट २००१ ला, सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते मत फिरवलं आणि १९७६ची अधिसूचनाही रद्द केली.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. त्यातल्या सुरक्षा-आरोग्य संहितेत 'मुख्य कामात' कंत्राटी कामगार नकोत असं तत्त्व आहे. छान. मग मुख्य काम नाही असं कशाला म्हणायचं, त्याची यादी आहे. यादीत पहिलं नाव सफाईचं: झाडणं, पुसणं, कचरा उचलणं. १९७६ मध्ये जे काम कायमचं म्हणून कंत्राटातून बाहेर काढलं, तेच आता मुख्य नाही म्हणून कंत्राटात ढकललं. फरशी तीच आहे.

निराश होऊ नका, लढून मिळतंही. मुंबई महापालिकेतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये उचलून धरला. कचरा वाहतूक श्रमिक संघ त्यासाठी वर्षानुवर्षं भांडत होता. आणि एजन्सीने पगार बुडवला तर मूळ मालकाने भरायचा, ही जबाबदारी १९७०च्या कायद्यात होती, नव्यातही आहे. काका, तुमच्यासाठी खास.

---

कोथरूडकर_काका

नोंद घेतली. 😐

---

तिसरा_मजला

माझ्या आईची गोष्ट सांगतो.

आई एका ऑफिसात अकरा वर्षं सफाईला होती. इमारत एक, मजला एक, बादली ठेवायची जागाही एक. या अकरा वर्षांत एजन्सी बदलल्या चार. दर वेळी कंत्राट संपलं की नवीन फॉर्म, नवीन फोटो, साडीवरच्या एप्रनचा रंग नवीन. निळा, मग मरून, मग हिरवा, परत निळा. आणि दर वेळी ती 'नवीन रुजू'. ग्रॅच्युइटीला एका मालकाकडे सलग पाच वर्षं लागायची. एकाही एजन्सीकडे तिची पाच भरली नाहीत. पीएफचे तीन नंबर निघाले, त्यातल्या एकात तिचं माहेरचं आडनाव. ते जुळवायला मी दीड वर्ष हेलपाटे घातले.

ऑफिसचे साहेब निवृत्त झाले तेव्हा भाषणात म्हणाले की या बाई माझ्याही आधीपासून इथे आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कागदावर तिला तेव्हा सात महिने झाले होते.

मी इंजिनिअर झालो. दुसऱ्या मजल्यावर कंपनी, तिसऱ्यावर पँट्री. जेवायला वर जातो तेव्हा तिथल्या काकूंना 'सरका' म्हणवत नाही.

---

वॉर्ड_नं_७

🙏

---

सिंहपूरकर

सिंगापूरहून. इथे काय केलंय ते सांगते, तुलना करा.

२०१४ पासून सफाईची एजन्सी चालवायला परवाना लागतो. परवान्याच्या अटींतल्या दोन: कामगारांना ठरलेलं प्रशिक्षण दिलेलं असलं पाहिजे आणि ठरलेली पगाराची शिडी पाळली पाहिजे. साध्या इनडोअर सफाईची खालची पायरी २०१४ मध्ये महिना १,००० सिंगापूर डॉलर होती, जुलै २०२५ पासून १,९१० झाली. त्याच्यावर मशिन चालवणाऱ्याची पायरी, त्याच्यावर सुपरवायझरची. पुढच्या काही वर्षांचे आकडे आधीच जाहीर असतात, त्यामुळे टेंडर भरणाऱ्याला 'मला काय माहीत वाढणार' असं म्हणता येत नाही. टेंडरचा_मारा, तुमचं एल-फोरचं दुखणं यात बरं होतं, कारण पगार आणि ट्रेनिंग कापून कुणी एल-वन होऊच शकत नाही.

खोट: ही शिडी सिंगापूरच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. परदेशी कामगार तिच्या बाहेर.

---

नेकारकाठ

जर्मनीत तर इमारत-सफाई हा रीतसर शिकायचा धंदा आहे. सुतार, इलेक्ट्रिशियनसारखीच तीन वर्षांची उमेदवारी, शेवटी परीक्षा, पुढे 'माइस्टर' म्हणजे उस्ताद होता येतं. २०२५ मध्ये आतल्या सफाईचा किमान दर तासाला १४.२५ युरो होता, काच आणि दर्शनी भिंतींचा १७.६५. म्हणजे काचवाल्याचं कौशल्य वेगळं, हे तक्त्यातच दिसतं. मात्र तीन वर्षं शिकलेले थोडे, रोजचं काम करणाऱ्या बहुतेक अर्धवेळ बाया, त्यातही बाहेरून आलेल्या खूप. इथेही पहाटे पाचच्या ट्रॅममध्ये त्याच दिसतात.

---

नाव_नको

सिंगापूर झालं, जर्मनी झालं. आता घरी येऊ या का?

इथे या कामाला किंमत नाही याचं कारण तक्ता नाही, जात आहे. हजार वर्षं हे काम ज्यांच्या माथी मारलं, त्यांना ते 'येतंच' असं धरलं गेलं. जे जन्मतः येतं ते कौशल्य कसं असेल? म्हणून अकुशल. महापालिकांत लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, त्या नोकरीवर आमची घरं उभी राहिली हे खरं. पण बापाचा झाडूच वारशात मिळतो हेही खरं. 'प्रोफेशनल' म्हटलं की हे सगळं पुसलं जातं असं वाटत असेल तर तो मॉप मला दाखवा.

आणि कृपया कुणी लक्ष्मीपूजनाच्या केरसुणीचं लिहू नका. केरसुणीला हळदकुंकू वाहतात, ती धरणाऱ्या हाताला नाही.

---

फरशीपुराण

नाव_नको, तुमचं बरोबर आहे आणि मी हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. टाळलं.

माझ्या साइटवर आता लातूर, बीड, परभणीची माणसं जास्त, सगळ्या जातींची. पाऊस गेला, शेती गेली, हाउसकीपिंगमध्ये आले. गावाकडे 'कंपनीत आहे' एवढंच सांगतात. फोनवर व्हिडिओ कॉल आला की एप्रन काढून बोलतात. पण ड्यूटी लावताना बघतो मी. लॉबी आणि काच मागून घेणारे एक, आणि टॉयलेट ज्यांच्याकडे न मागता जातं ते दुसरे. मी आता चिठ्ठी टाकून आठवड्याची पाळी लावतो. पहिल्या आठवड्यात तिघांनी काम सोडलं. चिठ्ठी अजून चालू आहे.

आपल्या राज्यापुरतं एक सुचवतो. १९८१ मध्ये महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला, त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं आली. नोंदणी मंडळाकडे, म्हणजे जागा बदलली तरी माणूस मंडळाचाच. पुढे २००५च्या केंद्राच्या कायद्याने एजन्सीला परवाना सक्तीचा झाला, रक्षकाला १६० तासांचं प्रशिक्षण ठरलं. मग तो ९५४च्या रांगेत बसणारच ना. सफाईला यातलं काहीच नाही. तिसरा_मजला यांच्या आईची अकरा वर्षं असल्या मंडळात अकरा म्हणून मोजली गेली असती.

---

टेंडरचा_मारा

मंडळाला माझा विरोध. आणखी एक ऑफिस, आणखी एक टेबल, टेबलाखालचं वेगळं. परवाना आणि ठरलेलं ट्रेनिंग, इतकं करा, आम्ही तयार आहोत. स्किल इंडियात आधीच येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे, हाउसकीपिंगचीही. माझ्या अठरा जणांना मिळालंय.

---

लेबरकोर्टाची_पायरी

आणि त्या अठरा जणांचा पगार किती वाढला?

---

टेंडरचा_मारा

टेंडरमध्ये रकाना नाही हो त्याला.

---

अर्धा_चहा

हा धागा मी आमच्या ॲडमिनला पाठवला. उत्तर आलं: 'नाइस रीड.'

---

फरशीपुराण

अपडेट. काल एका क्लायंटबरोबर कंत्राट नूतनीकरणाची मीटिंग होती. इथलंच सगळं डोक्यात होतं. मार्बलच्या पॉलिशचं बिल काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, मशिन आणि केमिकल हाताळणाऱ्यांना अर्धकुशल लावा, ट्रेनिंगचे दोन दिवस पगारी धरा. बावीस माणसांतली सहा मागितली होती. मिळाली तीन: स्क्रबर (फरशी घासायचं मशिन) चालवणारे दोघे आणि केमिकलची कोठी सांभाळणाऱ्या मावशी. ट्रेनिंगचा एक दिवस. बाकी पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'अर्धकुशल म्हणजे? उरलेलं अर्धं कुठं गेलं?'

---

कोथरूडकर_काका

अभिनंदन तिघांचं. आता ते कोट्याचं सांगा. आमचे जिने पांढरे पडलेत.

---

फरशीपुराण

काका, कोटा पण चुनखडीच, मार्बलचा गरीब भाऊ. दर दिवाळीला ॲसिड मारून त्याची वरची कातडी सोललीय तुम्ही. दगड खरखरीत झाला की धूळ जास्त धरतो, म्हणून तुम्हाला रोज न पुसल्यासारखा दिसतो. मघाशी ज्याला बोल लावलात त्या पोराची त्यात निम्मीच चूक. गेलेली चकाकी मॉपने येणार नाही, मशिनने पॉलिश करून घ्यावं लागेल. एकदाच करा, वरून सीलर लावा, मग न्यूट्रल म्हणजे आम्ल नसलेला क्लीनर, पाण्यात अगदी थोडा, आणि मॉप घट्ट पिळून. ॲसिडचा कॅन सोसायटीत ठेवूच नका.

पॉलिशवाल्याबरोबर तुमच्या त्या मोबाइलवाल्या पोराला उभा करा. दोन दिवसांत शिकेल. शिकला की ते काम त्याचं, पण त्याचे पैसे वेगळे धरा.

---

कोथरूडकर_काका

किती धरू?

---

फरशीपुराण

व्यक्तिगत निरोप करतो.